फकिराचं गाणं आणि १९५९ चा कायदा

१९७८ साली पुण्याच्या थिएटर अकादमीने पु. ल. देशपांडे यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. अंकुश या गुंडाच्या भूमिकेत नंदू भेंडे, जे त्याआधी मुंबईत इंग्रजी रॉक गाणारे म्हणून ओळखले जात. लोकसंगीत, नाट्यपदांचं वळण आणि रॉक अशी त्या संगीताची सरमिसळ होती. पुलं म्हटलं की आपल्याला बटाट्याची चाळ आठवते. त्यांनी चोर, भिकारी, वेश्या आणि पोलीस यांचं एक संगीत नाटक मराठीत आणलं, हे मात्र पटकन आठवत नाही.

या नाटकाचं मूळ अडीचशे वर्षं मागे आहे. २९ जानेवारी १७२८ रोजी लंडनमध्ये जॉन गे याच्या ‘द बेगर्स ऑपेरा’चा पहिला प्रयोग झाला. ऑपेरा म्हणजे काय, हे आपल्याकडे ‘संगीत नाटक’ म्हटलं की बरंचसं कळतं. फक्त तिथे बोलण्यापेक्षा गाण्याचाच कारभार मोठा. तेव्हा लंडनच्या उमरावांना इटालियन ऑपेराचं वेड लागलेलं होतं आणि त्यात असायचे राजे, देव, राजकन्या. गे याने रस्त्यावर गाणी विकत फिरणाऱ्यांच्या तोंडच्या चाली उचलल्या, त्यांवर नवे शब्द बसवले आणि राजांच्या जागी दरोडेखोर, दलाल व तुरुंगाचा अधिकारी उभा केला. पडदा उघडला की एक भिकारी येतो आणि सांगतो, हे नाटक मी लिहिलंय, दोन गाणाऱ्यांच्या लग्नासाठी. शेवटी नायकाला फाशी व्हायची असते. तेव्हा एक नट त्या भिकाऱ्याला थांबवतो: असला शेवट शहरातल्या लोकांना रुचणार नाही. भिकारी मान्य करतो आणि फाशी टळते.

अख्ख्या नाटकात मला ही जागा सगळ्यात धारदार वाटते. लेखक भिकारी आहे, पण शेवट प्रेक्षकाच्या मर्जीचा. आणि तो भिकारीसुद्धा खरा भिकारी नाही. भिकाऱ्याचं सोंग घेतलेला नट आहे. नाटक पहिल्याच हंगामात ६२ वेळा झालं, जे त्या काळात न ऐकलेलं होतं. ज्यांच्या चाली होत्या ते थिएटरबाहेरच उभे होते.

मग बरोबर दोनशे वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९२८ ला, बर्लिनमध्ये बर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी त्याच गोष्टीवरून ‘थ्री पेनी ऑपेरा’ केला. मोठा वाद्यवृंद नाही, मूठभर वादक. यातल्या पीचमचं दुकान पाहण्यासारखं आहे. हा माणूस भिकाऱ्यांना फाटके कपडे, कुबड्या, खोट्या जखमा पुरवतो, शहरातल्या भीक मागायच्या जागा वाटून देतो आणि कमाईतला मोठा वाटा काढून घेतो. परवान्याशिवाय कुणी कोपऱ्यावर उभा राहिला तर त्याला बदडलं जातं. राणीच्या राज्याभिषेकाची मिरवणूक निघणार असते, तेव्हा हाच पीचम पोलिसप्रमुखाला धमकावतो की, माझे सगळे भिकारी मी मिरवणुकीत सोडीन. पाहुण्यांसमोर शहराला आपले भिकारी लपवायचे असतात, हे त्याला पक्कं माहीत असतं. २०१७ च्या नोव्हेंबरात हैदराबादेत जागतिक उद्योजक परिषद भरली, अमेरिकेच्या अध्यक्षांची मुलगी येणार होती, आणि त्याआधी शहरात भीक मागण्यावर बंदी घालून भिकारी उचलले गेले. तेव्हा मला पीचमच आठवला.

गे, ब्रेख्त, पुलं. तिघेही घरदार असलेले, शिकलेले लोक. हा काही त्यांचा गुन्हा नाही. पण युरोपातून निघून मराठीपर्यंत आलेल्या या परंपरेत बेघर माणसाचं गाणं नेहमी दुसऱ्यानेच लिहिलेलं आणि दुसऱ्यानेच गायलेलं आहे, एवढं नोंदवून ठेवू. अलीकडे तिकडे छोट्या ऑपेरांची चाल आहे. चार-पाच गायक, तेवढेच वादक, बैठकीएवढी जागा आणि विषय आजचे. अशा कामांतून शहरातला माणूस आणि फुटपाथवरचा माणूस समोरासमोर आणले जातात. ब्रिटनमध्ये २००२ पासून ‘स्ट्रीटवाइज ऑपेरा’ नावाची संस्था आहे, तिथे बेघरपण भोगलेले लोक स्वतः गातात. तिच्या जन्मकथेत तिथल्या एका मंत्र्याच्या नावावर सांगितलं जाणारं एक विधान येतं, की ऑपेरा पाहून बाहेर पडताना ज्यांना ओलांडून जावं लागतं ते बेघर. विधान क्रूर आहे, पण त्यात एक खरी गोष्ट आहे. थिएटरच्या पायरीच्या आत गाणं आहे आणि बाहेरही माणूसच आहे.

आता आपल्याकडे येऊ. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे माझं अर्धं डोकं नेहमी नज़ीर अकबराबादीकडे धाव घेतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात आग्र्यात राहिलेला हा शायर. त्या काळच्या दरबारी रसिकांनी त्याला फारसं जवळ केलं नाही, कारण तो ककडी, तिळाचे लाडू, रोटी, होळी, पतंग, अस्वल नाचवणारा अशा गोष्टींवर लिहायचा. त्याच्याबद्दल सांगतात की फेरीवाले आणि फकीर त्याला रस्त्यात अडवून म्हणायचे, आम्हाला काहीतरी लिहून द्या, आणि तो द्यायचा. त्याचा ‘आदमी नामा’ अनेकांनी शाळेत वाचला असेल. बादशहाही आदमी आणि भिकारीही आदमी, एवढा साधा हिशोब त्याने कडव्यामागून कडव्यात मांडला.

१९५४ मध्ये दिल्लीत हबीब तन्वीर यांनी जामिया मिल्लियाचे विद्यार्थी-शिक्षक आणि ओखल्याचे गावकरी घेऊन ‘आग्रा बाज़ार’ उभं केलं. यात नज़ीर स्वतः एकदाही दिसत नाही. दिसतो तो एक ककडीवाला, ज्याची ककडी कुणी घेत नाही. त्याला वाटतं आपल्या ककडीवर कुणी गाणं लिहून दिलं तर ती खपेल. बडे शायर त्याला हाकलतात. शेवटी नज़ीर लिहून देतो आणि ककडी खपते. नाटक उघडतं ते फकिरांच्या गाण्याने, आणि ते गातात ‘शहर आशोब’. उजाड झालेल्या, रोजगार बुडालेल्या शहराचं दुःख सांगणारा हा उर्दू काव्याचा एक जुना प्रकार आहे. दिल्ली लुटली गेली तेव्हा बड्या शायरांनीही शहर आशोब लिहिले, पण नज़ीरने त्यात सोनार, लोहार, कागदी अशा कामगारांची मोजदाद केली. शहर उजाडलं म्हणजे नेमकं कुणाचं काय गेलं, हे तो नावानिशी सांगतो. ते गाणं फकिरांच्या तोंडी घालणं हा तन्वीर यांचा निर्णय, आणि मला तो फार योग्य वाटतो. ज्याला घर नाही तोच शहराची खबर सांगतोय.

मराठीत हे काम एकनाथांनी चारशे वर्षांपूर्वी केलं होतं. नाथांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी, जोगवा मागणारी अशी दारोदार फिरणारी माणसं बोलतात. फकीरही बोलतो, आणि तो दखनी हिंदुस्तानीत बोलतो. पैठणच्या ब्राह्मण घरातला माणूस फकिराची भाषा त्याच्याच बोलीत लिहितो, यावर आपल्या शाळांत फार थोडं बोललं जातं. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे, आणि जनार्दनस्वामींचे गुरू म्हणून परंपरा चांद बोधले यांचं नाव घेते, ज्यांची कबर दौलताबादेत आहे. हाच चांद बोधल्यांचा धागा श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपर्यंत जातो. म्हणजे भारुडातला फकीर हवेतून आलेला नाही. तो शेजारचाच होता.

विसाव्या शतकात मात्र एक वेगळी गोष्ट घडली. वाटेगावहून आई-बापांबरोबर पायी मुंबईला आलेला एक मातंग मुलगा तमाशा लिहू लागला. अण्णाभाऊ साठे. १९४४ मध्ये त्यांनी, द. ना. गवाणकर यांनी आणि बार्शीच्या अमर शेखांनी ‘लाल बावटा कलापथक’ सुरू केलं. अमर शेख म्हणजे मूळचे महबूब हुसेन पटेल, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या ऐश्वर्याची लावणी रचली होती. अण्णाभाऊंनी मुंबईवर दुसरी लावणी लिहिली, ज्यात मलबार हिल आणि परळ समोरासमोर येतात. मला या सगळ्या यादीत अण्णाभाऊ वेगळे वाटतात ते याचसाठी. रस्त्यावरून चालत शहरात आलेला माणूस इथे स्वतःच गातो. ते घाटकोपरच्या चिराग नगरात झोपडीत राहिले आणि तिथूनच लिहीत राहिले.

इथपर्यंतची गोष्ट गाण्याची. आता कायद्याची.

मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९. सरकार अधिसूचना काढून ज्या भागाला तो लागू करील तिथे तो चालतो. मराठी-उर्दू साहित्य शिकवणाऱ्या प्रत्येकाने या कायद्याची व्याख्या एकदा वाचायला हवी. सार्वजनिक जागी भीक मागणं किंवा घेणं म्हणजे भिक्षा, इथवर ठीक. पुढे म्हटलंय की मग ते गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या, खेळ करून दाखवण्याच्या किंवा वस्तू विकण्याच्या निमित्ताने असो वा नसो. शरीरावरची जखम, व्यंग, आजार दाखवून मागणंही त्यातच. आणि आणखी एक कलम: जगण्याचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणं किंवा थांबणं, अशा अवस्थेत की हा भीक मागूनच जगत असावा असं वाटावं. म्हणजे काही मागायचीही गरज नाही. दिसणं पुरे आहे.

पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्यांदा एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात डांबून ठेवता येतं, पुन्हा पुन्हा सापडला तर १० वर्षांपर्यंत. चेंबूरचं भिक्षेकरी गृह यासाठीच आहे. हाच कायदा दिल्लीलाही लावला गेला आणि इतर अनेक राज्यांनी आपले कायदे याच्याच साच्यावर बेतले. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यात डब्यात आणि स्टेशनात भीक मागायला वेगळी बंदी आहे. मुंबई–हावडा मार्गावर राहणाऱ्या आम्हा मलकापूरकरांनी भुसावळ ते अकोला या पट्ट्यात फरशीचे दोन तुकडे बोटांत धरून ताल देणारी पोरं पाहिली आहेत. कायद्याच्या नजरेत तो ताल म्हणजे एक निमित्त.

वासुदेव, पिंगळा, नंदीबैलवाला, बहुरूपी, पोतराज, दरवेशी, मदारी, ऊददाणी घेऊन जुमेरातीला येणारा फकीर, यांची यादी आता त्या व्याख्येशी ताडून पाहा. गाणं, नाच, भविष्य, खेळ. जणू एकनाथांची भारुडं समोर ठेवूनच कुणीतरी कलम लिहिलंय. वासुदेवाचं भारुड शाळेच्या पुस्तकात असतं, स्नेहसंमेलनात पोरं मोरपिसांची टोपी घालून नाचतात, पालक मोबाइलवर शूटिंग करतात. खरा वासुदेव शहराच्या चौकात हेच करून हात पुढे करील तर तो भिक्षेकरी. आग्र्याचा तो ककडीवालासुद्धा कदाचित सुटला नसता, वस्तू विकण्याचं निमित्त करतोस म्हणून.

विदर्भात राहणाऱ्याला हा प्रश्न आणखी टोचतो. नागपूरचे ताजुद्दीन बाबा घ्या. कामठीच्या रस्त्यांवर भान हरपून फिरणारा हा माणूस १८९२ मध्ये इंग्रज सरकारने नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकला आणि तो सुमारे १६ वर्षं तिथे होता. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सोडवून आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात नेलं. १९२५ मध्ये ते गेले. आज ताजबागेत त्यांच्यावर कव्वाल्या होतात, मोठमोठे लोक चादर चढवतात. आमच्यापासून रेल्वेने तासाभरावर शेगाव. पोथी सांगते की २३ फेब्रुवारी १८७८ ला गजानन महाराज पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीतली शितं वेचताना, आणि बंकटलाल अग्रवाल यांना ते तसे दिसले. ही पोथी लिहिणारे दासगणू महाराज. ते पूर्वी पोलीस खात्यात नोकरीला होते, मग कीर्तनकार झाले आणि गजानन महाराजांवर तसंच शिर्डीच्या साईबाबांवर त्यांनी कीर्तनं व काव्यं केली. साईबाबा मशिदीत राहायचे आणि गावात भिक्षा मागायचे. कुणाच्याही श्रद्धेला हात न लावता म्हणतो: अंगावर धड कपडा नाही, जगण्याचं साधन दिसत नाही, पत्रावळीतलं उचलून खातोय, या वर्णनाला १९५९ च्या कायद्यात एक नेमकं कलम आहे. पोलीस खात्यातून आलेल्या दासगणूंनी त्या माणसांना पाहिलं आणि हातात चिपळ्या घेतल्या. मला हा आपल्याकडचा खरा ऑपेरा वाटतो. एक गाणारा, एक पेटी, एक तबला, समोर गाव.

कुणी म्हणेल, संत वेगळे आणि भिकारी वेगळे. असतील. पण १८७८ च्या त्या दुपारी ते कुणाला माहीत होतं?

उर्दूत एक शब्द आहे, साइल. प्रश्न विचारणारा, आणि मागणाराही. ‘सवाल’ म्हणजे प्रश्न आणि ‘सवाल करना’ म्हणजे हात पसरणं. कोर्टाच्या जुन्या उर्दूत अर्जदारही साइलच. कुरआनात सूरह अद्-दुहामध्ये साइलला झिडकारू नये अशी ताकीद आहे, आणि मुफस्सिरांनी तिथे दोन्ही अर्थ घेतले आहेत. मुलांना हा शब्द शिकवताना मी नेहमी १९८५ च्या एका निकालाकडे येतो, कारण तिथे हे अर्थ एकाच कागदावर भेटतात.

१३ जुलै १९८१ ला महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या सगळ्या फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवलं जाईल. भर पावसाळ्यात झोपड्या पाडल्या गेल्या. मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले, महाराष्ट्राला आजवर मिळालेले एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. आपल्या जलशांत त्यांचं नाव अभिमानाने घेतलं जातं, आणि घ्यावंही. १९८० मध्ये त्यांच्याच सरकारने संजय गांधी निराधार योजना सुरू केली, जिच्यावर आजही आमच्या मोहल्ल्यातल्या कित्येक विधवा आणि म्हातारे विसंबून आहेत. पण निराधाराला महिन्याचं अनुदान देणारा हात आणि निराधाराची ताडपत्री ओढणारा हात वर्षभराच्या अंतराने एकाच माणसाचा होता. इतिहास सांगायचा तर दोन्ही सांगायला हवं. मला वाटतं त्यांच्या लेखी गावातला निराधार आपला होता आणि फुटपाथवरचा परका. असं वाटणारे ते एकटे नव्हते. शहरातला मध्यमवर्ग तेव्हा टाळ्याच वाजवत होता.

पत्रकार ऑल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी कोर्टात गेले. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या खंडपीठाने निकाल दिला. त्यात अर्जदारांच्या कहाण्या नोंदवल्या आहेत आणि त्यातली एक आपल्या मुलखातली आहे. अहमदनगर जिल्ह्यातल्या संगमनेरचा एक चांभार. दिवसाला ७-८ रुपये मिळायचे, गावातलं घर पडलं, १९६९ मध्ये मुंबईला आला. महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीत फुटपाथवर ‘घर’ मिळवण्यासाठी त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले, आणि बांबू व प्लास्टिकला ७०० लागले. हे वाचताना पीचमचं दुकान आठवल्याशिवाय राहत नाही. कोपरा विकणारा नाटकातही आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या कागदातही. फरक असा की नाटकात तो आपल्याला हसवतो. आणि हा चांभार भिकारी नव्हता, रोज कामाला जाणारा होता. फुटपाथवर राहणारा म्हणजे मागून खाणारा, हे आपण गृहीत धरलेलं असतं.

निकालाने सांगितलं की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आजही कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात ते सापडतं. पण त्याच निकालाने हेही सांगितलं की फुटपाथवर कुणाचा हक्क नाही. फक्त पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, हटवू नका. याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने फुटपाथवासीयांची पाहणी करून एक अहवाल काढला. त्याच्या नावाचा अर्थ होतो, आम्ही न दिसणारे. पुढच्या वर्षी भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी ‘महिला मिलन’ उभी केली, त्यांत मुस्लिम बायका पुष्कळ होत्या. त्यांनी रुपया-रुपयाची बचत सुरू केली आणि घराच्या मापाची कापडी प्रतिकृती उभारून सरकारी अधिकाऱ्यांना दाखवली, की आम्हाला एवढं घर हवं. त्यावर मराठीत अजून कुणी संगीत नाटक लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. त्या कापडी घराइतका सुंदर सेट कुठल्या नेपथ्यकाराला सुचेल?

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले गेले, त्यातले दोन लाखांहून जास्त महाराष्ट्रात. शहरी बेघरांसाठी सरकारचं धोरण लाख लोकसंख्येमागे एक निवारा असं आहे. आमचं मलकापूर लाखाच्या आतलं, म्हणजे या हिशोबात आम्ही कुठेच नाही. आमचे बेघर स्टेशनच्या बाकड्यांवर, दर्ग्याच्या ओट्यावर आणि बाजारातल्या दुकानांच्या पायऱ्यांवर झोपतात. होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेला जाणारे काही परतताना इथेच राहून जातात. सैलानीला घरच्यांनी आणून सोडलेली माणसं आपल्या जिल्ह्यात कुणी पाहिली नाहीत?

८ ऑगस्ट २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणं हा गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. जुलै २०२१ मध्ये कोरोनाच्या नावाखाली भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवा अशी मागणी आली तेव्हा सर्वोच्च न्यायालय म्हणालं की गरिबीमुळे मागणाऱ्यांकडे आम्ही उच्चभ्रू नजरेने पाहणार नाही. ज्या मुंबईच्या नावाने हा कायदा देशभर पसरला, त्या मुंबईत तो अजून आहे.

दिल्लीच्या निकालाच्या पाच आठवडे आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारलं गेलं. डवरी गोसावी म्हणजे डवर वाजवून नाथांची गाणी म्हणणारा समाज. आपल्या आजोबांच्या काळी अशा माणसाला बायका सुपातून पीठ घालायच्या. तो कुठून येतो, परत कधी येईल, हे गावाला माहीत असायचं. गाणं हीच त्याची ओळख होती. गाणं ऐकू येणं बंद झालं आणि उरला फक्त अनोळखी पुरुष.

रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यात पहाटे सहरीला उठवायला डफ वाजवत दोघे-तिघे यायचे. अजूनही येतात, पण मशिदीचा भोंगा आणि प्रत्येकाच्या उशाशी मोबाइल असताना त्यांची गरज कुणाला उरलेली नाही. ईदला ते दारोदार जाऊन ईदी घेतात. काही घरांतून आता विचारलं जातं, तुम्ही कुठले, आधार कार्ड आहे का?

गेल्या वर्षी नववीच्या मुलांना मी एक काम दिलं होतं. महिनाभरात दारावर जो कुणी गात येईल त्याचं गाणं जमेल तसं उतरवून घ्या, मराठी असेल तर मराठीत, उर्दू असेल तर उर्दूत. सोबत त्याचं नाव, गाव, वाद्य. मुलांनी मेहनत केली. एकाने नंदीबैलवाल्याची सगळी प्रश्नोत्तरं लिहून आणली, बैल कधी मान हलवतो यासकट. एकीने जुमेरातीच्या फकिराची मनकबत अर्धी लिहिली होती, कारण तो थांबला नाही. वाद्याच्या रकान्यात चिमटा. गावाच्या रकान्यात काही नाही. नावाच्या रकान्यात तिने तिच्या नीट अक्षरात लिहिलं होतं: “बाबांनी विचारलं, लिहून कुणाला देणार? मी म्हटलं, सरांना. ते म्हणाले, मग नको.”